धुराड्यातलं डांबर

माझे सासरे आमच्याकडे नेदरलँड्समध्ये फेल्डहोवनला आले ते तीन महिन्यांसाठी. सासूबाई जाऊन तेव्हा जेमतेम पाच महिने झाले होते. पुण्याच्या फ्लॅटमध्ये एकटे असताना ते जेवायचं विसरतात, बीपीची गोळी एक तर दोनदा घेतात नाहीतर घेतच नाहीत, असं खालच्या मजल्यावरच्या काकूंनी फोनवर सांगितलं आणि नवरा जाऊन त्यांना घेऊनच आला. मग मार्च उजाडला आणि कोरोनामुळे विमानं बंद झाली. तीनाचे सहा महिने झाले. मधे खास विमानं सुटायला लागली तेव्हा ते म्हणाले, "आता मी निघतो." पुण्यात त्या दिवसांत हॉस्पिटलात खाट मिळायची मारामार. नवऱ्याने त्यांच्यापुढे अक्षरशः हात जोडले. "बाबा, लस येईपर्यंत थांबा. मग मी स्वतः सोडायला येतो." ते थांबले खरे, पण पाय दारात ठेवूनच. कशावरून थोडं जरी बिनसलं की म्हणायचे, "माझं तिकीट काढा." त्या वर्षात आमच्या घरातली सगळ्यात मोठी काळजी हीच होती, की बाबा रागाच्या भरात उठून जाऊ नयेत. शहात्तर वर्षांचा माणूस त्या बंद फ्लॅटमध्ये एकटा पडला असता तर त्याला कोण बघणार होतं?

आता माझी बाजू. मी सून आहे आणि मी काही संत नाही. माझं ऑफिस तेव्हा जेवणाच्या टेबलावर होतं. इथल्या घरांत स्वयंपाकघर, जेवणाची जागा आणि हॉल सगळं एकातच असतं, मधे भिंत म्हणून नाही. नवरा चिप बनवायच्या मशीनच्या कंपनीत इंजिनिअर. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख घालून तो धुळीचा कण नसलेल्या खोलीत शिफ्ट करायचा. त्याचं काम घरून होण्यासारखं नव्हतंच, आठवड्यातून एखाद दिवस कागदपत्रांचं काम असलं तरच घरी. म्हणजे सकाळी आठ ते संध्याकाळी पाच मी आणि बाबा. हेडफोन काढला की बाबा, लावला की बाबा. मी क्लायंटशी बोलत असताना मागून आवाज यायचा, "अगं, कुकरची तिसरी शिट्टी झाली." भाजीत मीठ किती, कांदा असा का चिरला, पोळ्यांचं पीठ एवढं सैल का, सगळ्यावर त्यांचं लक्ष. सासूबाई असताना त्यांनी कधी कांदा चिरल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. रिकामा माणूस, दुसरं काय! त्यांचा राग यायचा, मग राग आल्याचा राग यायचा, आणि संध्याकाळी नवरा आला की विनाकारण त्याच्यावर निघायचा.

ऑक्टोबरात थंडी पडली आणि बाबांची नजर हॉलमधल्या शेगडीवर गेली.

ही शेगडी घराबरोबरच आली होती. काळी, बिडाची, पुढे काचेचं दार, खाली हवा कमी-जास्त करायची एक दांडी, आणि वर छतातून, वरच्या मजल्यावरून, माळ्यावरून कौलांबाहेर गेलेला पाइप. आधीच्या मालकांनी किल्ल्या देताना तिच्याबद्दल बरंच काही सांगितलं होतं. आम्ही माना डोलावल्या. पहिल्या वर्षी नाताळात दोनदा पेटवली, समोर बसून फोटो काढले, ते फोटो सगळ्यांना पाठवले, झालं. घर गरम ठेवायला रेडिएटर होते, शेगडीवाचून काही अडत नव्हतं.

बाबांनी दार उघडून आत डोकावून पाहिलं, दांडी मागेपुढे केली आणि म्हणाले, "हा तर बंब आहे!"

त्यांचं लहानपण वाईजवळच्या एका गावात गेलं. घरात अकरा माणसं आणि सगळ्यांच्या अंघोळीचा एक तांब्याचा बंब. तो पेटवायचं काम वयाच्या आठव्या वर्षापासून यांच्याकडे. करवंट्या, चिपाडं, शेणी, ओल्या-सुक्या काटक्या, मिळेल ते घालायचं. आणि खरी हुशारी पेटवण्यात नाही, राखण्यात. जाळ भडकला म्हणजे लाकूड वाया गेलं. आग दबकून राहिली पाहिजे, कुढत कुढत जळली पाहिजे. रात्री निखाऱ्यांवर राख सारून विस्तव झाकायचा आणि सकाळी उकरला की लालभडक मिळाला पाहिजे. काडीपेटी लागली तर आजी म्हणायची, आज पोरगा नापास. हे सगळं त्यांनी मला त्या एका दुपारी सांगितलं. सासूबाई गेल्यापासून इतकं बोलताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून शेगडीचा चार्ज बाबांकडे. रोज सकाळी मास्क लावून, माकडटोपी घालून सायकलच्या रस्त्याच्या कडेने फिरायला जायचे आणि येताना काखेत फांद्या. नगरपालिकेच्या माणसांनी छाटून टाकलेल्या, पावसात भिजलेल्या. कोपऱ्यावरच्या घरात बर्चचं झाड पाडलं होतं. त्या माणसाकडून खुणांनी मागून तीन खेपा ओंडके आणले. मी म्हटलं, "बाबा, ओली आहेत." तर म्हणाले, "म्हणूनच! ओलं लाकूड टिकतं. सुकं काय, भसकन पेटतं आणि संपतं." संत्र्याच्या साली, नारळाच्या करवंट्या, कांद्याचा पाचोळा, सगळ्याची सोय शेगडीत झाली. हवेची दांडी जवळजवळ बंद. आत एक लाल डोळा मिचमिचतोय आणि काच आठवड्याभरात अशी काळी झाली की आतलं काही दिसेना. रात्री राख सारायची, दार लावायचं, दांडी पूर्ण बंद. सकाळी उकरायचं आणि माझ्याकडे बघून म्हणायचं, "काडी लागली नाही."

आणि माझं स्वयंपाकघर मोकळं झालं. काय सांगू! बाबा दिवसभर शेगडीसमोर खुर्ची टाकून बसायचे, चिमट्याने इकडचं लाकूड तिकडे करायचे, डुलकी काढायचे. तिकिटाचं नाव नाही. नवरा म्हणाला, "बघ, रमले." मी देव पाण्यात घालून बसले होते, देव पावला असंच मला वाटलं.

नोव्हेंबरात एका शनिवारी दुपारी मी आणि बाबा मागच्या बागेत होतो. आमच्या घराला चिकटून शेजारच्या बाईंचं घर, दोन्हींना मिळून एकच छप्पर. बाई सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या, स्वभावाने सरळ. कुंपणापाशी येऊन त्या माझ्याशी डचमध्ये बोलायला लागल्या. घरात डच येतं ते फक्त मला. नवऱ्याचं सगळं इंग्रजीवर भागतं आणि बाबांचा प्रश्नच नाही. बाई म्हणाल्या, तुमच्या चिमणीतून पिवळा, जड धूर येतो, खाली माझ्या खिडकीशी उतरतो. लाकूड ओलं दिसतंय. हवा पुरेशी सोडत नाही तुम्ही. असं केलं की पाइपमध्ये आतून थर बसतो आणि मग त्या थरालाच आग लागते. दरवर्षी साफ करून घ्यायला हवं, कधी केलं होतं? त्यांनी वर चिमणीकडे बोट दाखवलं, मग हाताने पाइप साफ केल्यासारखं करून दाखवलं, मग त्यांच्या-माझ्या छपरावरून बोट फिरवलं. साफ करणाऱ्याचा नंबरही दिला. मी तो फोनमध्ये घेतला. हो हो म्हटलं, नक्की म्हटलं, आभार मानले.

त्या आत गेल्यावर बाबांनी विचारलं, "काय म्हणत होत्या?"

"काही नाही. थंडी फार पडलीय म्हणतात."

हे माझ्या तोंडून कसं निघालं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. पण का निघालं ते पक्कं माहीत आहे. खरं सांगितलं असतं तर नवऱ्याने त्याच दिवशी शेगडी बंद केली असती. तो धुळीच्या कणाला घाबरणारा माणूस. मग बाबा पुन्हा माझ्या मागे ओट्याशी, नाहीतर तिकिटाच्या गोष्टी. स्वतःला मात्र मी वेगळंच कारण सांगितलं: या दिवसांत परक्या माणसाला घरात कसं घ्यायचं, बाबांचं वय काय, कुठून कोरोना घेऊन येईल कोण जाणे. कारण म्हणून अगदी चोख. शिवाय इथल्या लोकांना कसलीही काळजी करायची सवयच असते, हेही एक होतंच. झाकली मूठ सव्वा लाखाची. नंबर फोनमध्ये पडून राहिला.

डिसेंबर गेला, जानेवारी गेला. फेब्रुवारीत बर्फ पडला. कालवा गोठला, पोरं त्यावर स्केटिंग करायला लागली. बाबा आता तर शेगडीपासून हलायलाच तयार नव्हते. त्या मंगळवारी नवरा सकाळच्या शिफ्टला गेला होता आणि मी दहाच्या मीटिंगमध्ये होते. रात्री विस्तव जरा जास्तच दबला असावा, सकाळी उकरून तो धड पेटेना. बाबांनी काय केलं, हवेची दांडी पूर्ण उघडली आणि घरात साठलेले ऑनलाइन सामानाचे खोके फाडून आत कोंबले. तीन-चार खोके एकदम. जाळ असा उठला की काळ्या काचेतूनही उजेड दिसला.

दोनेक मिनिटांनी आवाज यायला लागला. आधी मला वाटलं, वरून विमान जातंय. इंडहोवनचा विमानतळ जवळच आहे. पण आवाज जाईना, वाढतच गेला. पाइप थरथरत होता. घरभर घुर्रर्र असा आवाज, जसं काही भिंतीत कोणी ट्रक चालू करून ठेवलाय. बाबा उभे राहिले होते. "अगं, हे काय होतंय?" तेवढ्यात शेजारच्या बाई पुढच्या खिडकीवर दोन्ही हातांनी धडाधडा मारायला लागल्या. "चिमणी पेटलीय! हवा बंद करा! बाहेर या!" मी हेडफोन फेकला, दांडी सारून हवा बंद केली, फायर ब्रिगेडला फोन लावला. पत्ता सांगताना मला घराचा नंबर आठवेना. स्वतःच्या घराचा!

आम्ही बाहेर आलो. वर पाहिलं तर चिमणीतून हातभर ज्वाळा आणि ठिणग्या, पांढऱ्याशुभ्र छपरावर पडून चरचर विझत होत्या. बाबा हाफ स्वेटर, पायजमा आणि सपाता अशा वेषात बर्फात उभे. आजूबाजूची माणसं जमली. अकरा महिने ज्या माणसाला मी दुकानातसुद्धा नेलं नव्हतं, भाजीच्या पिशव्या पुसून आत घेत होते, तो माणूस आता वीस अनोळखी लोकांच्या मधे, तोंडाला मास्क नाही. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. कोणीतरी त्यांच्या खांद्यावर आपला कोट टाकला. मी त्यांना 'नको' म्हटलं नाही.

फायर ब्रिगेड सात-आठ मिनिटांत आली. ती माणसं शांत होती, याचीच मला जास्त भीती वाटली. पाणी मारतील असं मला वाटलं होतं; मारलं नाही. तापलेल्या पाइपात पाणी गेलं तर वाफेने तो फुटतो, असं त्यांच्यातल्या एकाने सांगितलं. त्यांनी शेगडीतले निखारे लोखंडी बादलीत काढले आणि बर्फात ओतले. शिडी लावून वरून पाइपात साखळी सोडली, ठोकून ठोकून आतलं पेटलेलं खाली पाडलं. एक जण माळ्यावर जाऊन उष्णता दाखवणारा कॅमेरा भिंतीवरून फिरवत होता. मग शेजारच्या बाईंच्या माळ्यावर. त्यांच्या बाजूची भिंत गरम लागत होती, पण लाकडाला धग पोचली नव्हती. तासाभरात सगळं संपलं. जाताना त्यांनी मला विचारलं, "पाइप शेवटचा कधी साफ केला होता?" मी म्हटलं, "माहीत नाही." शेजारच्या बाई तिथेच उभ्या होत्या. त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं.

नवरा सायकल हाणत आला तेव्हा आगीचा बंब नुकताच गेला होता. घरात जळका, आंबूस वास भरला होता, हॉलच्या लाकडी फरशीवर बुटांचे काळे ठसे. तो घाबरला होता, हे मला कळत होतं. पण घाबरलेला पुरुष ओरडतो. "बाबा, काय चाललं होतं तुमचं? हा काय तुमचा बंब आहे? ओली लाकडं, साली, खोके! एक छप्पर आहे, त्या बाईंचं घर गेलं असतं! तुम्हाला कळत नाही तर हात कशाला लावायचा?"

बाबा खुर्चीत बसले होते. अंगावर अजून तो परका कोट. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं आणि म्हणाले, "चुकलं माझं."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण नवरा त्या वेळी ज्या आवाजात बोलत होता, तो आवाज आपल्याकडे वळेल या भीतीने मी फडकं घेतलं आणि फरशी पुसायला लागले. मला माझी लाज वाटली. आजही वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा खाली आले, अंघोळ करून, भांग पाडून. नवऱ्याला म्हणाले, "माझं तिकीट काढ. या वेळी तू मला थांबवू नकोस." आवाज चढलेला नाही, काही नाही. नेहमीच्या तिकिटाच्या गोष्टीत राग असायचा, यात नव्हता, आणि म्हणूनच यावर इलाजही नव्हता. बाप तसा लेक. नवऱ्यालाही आदल्या दिवसाची शरम वाटत होती, पण सॉरी म्हणायचं सोडून त्याने लॅपटॉप उघडला. बारा दिवसांनंतरचं विमान मिळालं. पुण्यात आकडे पुन्हा वाढायला लागले होते. बातम्या लागल्या की आम्ही दोघं चॅनल बदलायचो. बाबा दिवसभर वर त्यांच्या खोलीत, जेवायला बोलावलं की खाली. ताटात काय वाढलंय याकडे बघायचेही नाहीत. मीठ जास्त झालं तरी चकार शब्द नाही. माझं स्वयंपाकघर आता पूर्ण माझं होतं, आणि मला तिथे उभं राहवत नव्हतं.

फायर ब्रिगेडने सांगितलं होतं की तपासून घेतल्याशिवाय शेगडी पेटवायची नाही. मी तो फोनमधला नंबर लावला. शनिवारी माणूस आला. पन्नाशीचा, गोलमटोल, मास्क लावलेला, बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या. मी खिडक्या सगळ्या उघडल्या. नवरा वर लॅपटॉपवर होता. मशीनचं काहीतरी अडलं होतं आणि शनिवार असूनही मीटिंग चालू होती. काठ्यांचा खडखडाट ऐकून बाबा चार दिवसांत पहिल्यांदा आपण होऊन खाली आले. मास्क लावून लांब उभे राहिले. मग थोडे जवळ. मग आणखी थोडे. त्या माणसाने काठीला काठी जोडत ब्रश वर सरकवला आणि बाबा नकळत मानेने ताल धरायला लागले.

बरंच ओढल्यावर त्याने बादली आमच्यापुढे ठेवली. मला वाटलं होतं भुसभुशीत काजळी असेल. ते वेगळंच निघालं. काळे, चकचकीत, काचेसारखे तुकडे, काही फुगून पावासारखे झालेले. बाबांनी एक तुकडा उचलला, नखाने खरवडला, वास घेतला.

"ही काजळी नाही," ते म्हणाले. "हे डांबर आहे."

मी त्या माणसाला सांगितलं. तो म्हणाला, "बरोबर ओळखलं यांनी." मग तो समजावत गेला आणि मी बाबांना सांगत गेले. आग कुढत ठेवली की लाकूड पूर्ण जळत नाही. अर्धवट जळलेला, ओला धूर हळूहळू वर जातो, थंड पाइपला लागतो आणि तिथेच चिकटतो. रोज थोडा थोडा. वाळला की डांबर. आणि मग एक दिवस मोठा जाळ झाला की तेच पेटतं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "बंबाचं नळकांडं दीड हात. दर रविवारी काठीने बडवायचो, सगळं झडून जायचं. हे दोन मजले वर गेलंय, हे माझ्या डोक्यातच आलं नाही." मी हेही त्या माणसाला सांगितलं. तो बाबांकडे बघून म्हणाला, यांना सांगा, रात्रभर विस्तव राखता येणं हे सगळ्यांना जमत नाही. पण इथे उलटं करायचं. सुकं लाकूड, लहानशी आग, पण मोकळी, भरपूर हवा, आणि रात्री विझू द्यायची. मी शब्दन् शब्द सांगितला. बाबांच्या डोळ्यांत मास्कच्या वर काहीतरी हललं.

मग कागदावर सही करता करता त्या माणसाने सहज विचारलं, "एवढा धूर येत असणार, तर शेजाऱ्यांपैकी कोणी सांगितलं नाही?"

"सांगितलं होतं," मी डचमध्ये म्हटलं. "मला सांगितलं होतं."

त्याने मान हलवली, पाइपचा एक जोड बदलावा लागेल म्हणाला, सामान उचललं आणि गेला. परक्या माणसाला परक्या भाषेत सांगणं किती सोपं होतं!

"काय विचारत होता शेवटी?" बाबांनी विचारलं.

चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, यांना समजलंच आहे. पुन्हा काहीतरी ठोकून द्यायला मला एक क्षण पुरला असता. मी खुर्ची ओढून बसले. "बाबा, नोव्हेंबरात शेजारच्या बाईंनी मला सगळं सांगितलं होतं. ओलं लाकूड, साफसफाई, सगळं. आग लागेल असंसुद्धा. मी तुम्हाला सांगितलं नाही. तुमच्या लेकालाही नाही."

त्यांनी हातातला तुकडा बादलीत टाकला. "का गं?"

"तुम्ही शेगडीपाशी असलात की मला स्वयंपाकघरात मोकळं वाटायचं." एकदा सुरू झालं की थांबता येत नाही. "मला तुमचा त्रास व्हायचा, बाबा. दिवसभर. खरंच व्हायचा."

"ते मला माहीत आहे," ते म्हणाले. "आणि त्या बाई काय सांगत होत्या तेही थोडंफार कळलं होतं. थंडी पडली म्हणायला कुणी धुराड्याकडे बोट दाखवतं का? आगीचं नव्हतं कळलं. पण साफ करा म्हणतायत, एवढं कळलं होतं. मीही गप्प बसलो. मला तरी दुसरं काय होतं करायला?"

"मग त्या दिवशी का नाही बोललात? तो एवढा ओरडत होता तुमच्यावर. माझं नाव का नाही घेतलंत?"

"तुझं नाव घेऊन काय करू?" बाबा म्हणाले. "मी काय, आज ना उद्या जाणार. तुम्हा दोघांना एकमेकांबरोबर राहायचंय."

मला रडू फुटलं. अगदी लहान मुलीसारखं, हुंदके देऊन. ते गडबडले. "अगं, अगं, झालं ते झालं," म्हणत टिश्यूचा डबा माझ्याकडे सरकवला. मी नाक पुसलं, जिन्यापाशी गेले आणि हाक मारली, "अरे, खाली ये."

"मीटिंगमध्ये आहे!"

"असू दे. आत्ता ये."

बाबा मागून हळू आवाजात म्हणाले, "राहू दे गं. कशाला?" पण तो खाली आला होता. मी उभ्या उभ्या सगळं पुन्हा सांगितलं, काही न गाळता. तो चिडेल म्हणून मी तयार होते. तो चिडला नाही. आधी माझ्याकडे बघत राहिला, मग बाबांकडे. मग बाबांच्या खुर्चीपाशी फरशीवर मांडी घालून बसला. "बाबा, मी काहीच्या काही बोललो तुम्हाला," तो म्हणाला. मग म्हणाला, "जाऊ नका ना."

"ते मला नको विचारूस," बाबा म्हणाले. "तू सकाळी जातोस तो संध्याकाळी येतोस. दिवसभर मी कोणासमोर असतो? तिला विचार."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी तत्काळ म्हटलं, "बाबा, थांबा. असं काय विचारता!"

"अशी नको," ते म्हणाले. रागावून नाही, अगदी साधेपणाने. "आत्ता रडली आहेस, आत्ता काहीही बोलशील. नीट विचार कर. माझा स्वभाव काही बदलायचा नाही या वयात. उद्या सांग. नाही म्हणालीस तरी मला वाईट वाटणार नाही."

मी विचार केला. देखावा म्हणून नाही, खरंच केला. हेडफोन आठवले, कुकरच्या शिट्ट्या आठवल्या, मागून येणारा तो आवाज आठवला, आणि या सगळ्याला निदान आणखी सहा महिने, कदाचित वर्ष, असं बोटांवर मोजून पाहिलं. मग चार दिवस मुकाट्याने खाली मान घालून जेवणारा माणूस आठवला. सकाळी उठले, तोंडही न धुता त्यांच्या खोलीचं दार वाजवलं.

"बाबा, विचार केला," मी दाराबाहेरूनच म्हटलं. "तुम्ही मला हवे आहात. थांबा."

आतून पलंग करकरला. मग कडी निघाली.